चालत्या मागांची पत

मामीच्या पाटल्या सहजासहजी निघाल्या नाहीत. बँकेच्या सोनेतारण विभागातल्या मुलीला याची सवय असावी, कारण तिने काही न विचारता खणातून साबणाची छोटी वडी काढून दिली आणि बेसिन कुठे आहे ते हातानेच दाखवले. मामी परत आली तेव्हा पाटल्या तिच्या मुठीत होत्या आणि दोन्ही मनगटांवर फिकट वळ उमटले होते. बँकेच्या सराफाने एक पाटली कसोटीच्या दगडावर घासली, उमटलेल्या पिवळ्या रेघेवर आम्लाचा थेंब सोडला आणि रेघ तशीच राहिल्याचे पाहून मान हलवली. मग काटा, मग वजन, मग घटीची वजावट, मग त्या दिवसाचा भाव. कापडी पिशवीला दोरा बांधून लाखेचा शिक्का मारला गेला, मामीने तीन ठिकाणी सह्या केल्या, आणि समोरचा चहा निवण्याआधी मामांच्या खात्यावर पैसे जमा झाल्याचा संदेश आला. सगळे सभ्यपणे आणि नियमाप्रमाणे पार पडले. तक्रार करावी असे त्या अर्ध्या तासात काहीच घडले नाही, आणि तरीही इचलकरंजीहून परतताना एसटीत माझ्या डोक्यातून तो वळ जाईना.

कारण आदल्याच आठवड्यात मामा याच शाखेत दुसऱ्या टेबलासमोर बसले होते. त्यांना सुताच्या खरेदीसाठी आणि थकलेल्या वीजबिलासाठी जेमतेम दोन लाख रुपये हवे होते. त्यांच्याकडे आठ माग आहेत, तीस वर्षांचा धंदा आहे आणि व्यापाऱ्यांकडून यायची मजुरीची बिले आहेत. अधिकाऱ्याने सगळे ऐकून घेतले आणि घराचा उतारा किंवा सातबारा आहे का, असे विचारले. शेड भाड्याची आणि घर चार भावांचे सामाईक, असे मामांनी सांगितल्यावर त्याने फाइल मिटली. "मग घरात सोनं असंल की, मामा," असे तो अगदी आपुलकीने म्हणाला. सूक्ष्म उद्योगांना एवढ्या रकमेचे कर्ज तारण न मागता द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, हे मला ठाऊक आहे आणि त्यालाही ठाऊक असणार. पण दंडकाने माणसाची भीती जात नाही. बुडीत कर्जाचा जाब उद्या त्यालाच द्यावा लागणार असतो.

आठही माग त्या वेळी चालू होते.

त्या दिवशी संध्याकाळी मी मामांच्या शेडमध्ये गेलो. यंत्रमागाच्या शेडमध्ये शिरल्यावर पहिली काही मिनिटे माणसाला स्वतःचा विचारही ऐकू येत नाही. धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटत असतो, पायाखालची फरशी थरथरते, तेलाचा आणि खळीचा मिश्र वास नाकात बसतो आणि कापसाचे तूस भुवयांवर, बल्बवर, देवाच्या तसबिरीवर सारखेच साचलेले असते. अधिकाऱ्याच्या नजरेने ही शेड पाहावी, म्हणून मी एकेका वस्तूकडे बोट दाखवून मामांना विचारत गेलो की हे कोणाचे. माग त्यांचे, पण त्यांतले चार एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुने घेतलेले, त्याची पावती साध्या वहीच्या पानावर, आणि विकणाऱ्याने त्या मागांवर आधी कुठले कर्ज काढले होते का, हे मामांना तेव्हाही माहीत नव्हते. दोन मागांवर चढवलेले बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचे रूळ, व्यापाऱ्याचे, कारण तेवढ्यापुरते मामा खर्चीवाले: सूत त्याचे, विणायची मजुरी यांची. उरलेल्या मागांवरचे सूत मामांचे, पण उधारीवर आणलेले. कोपऱ्यात घडी घालून ठेवलेल्या कापडात दोघांचेही तागे होते, आणि कुठला कोणाचा हे फक्त दिवाणजी सांगू शकत होता. मोटारी मामांच्या, त्यांतली एक दुरुस्तीहून आलेली, तिचे पैसे द्यायचे राहिलेले. जागेच्या मालकाचे दोन महिन्यांचे भाडे थकलेले. हे सगळे मामांना तोंडपाठ होते आणि त्यात लपवाछपवी कसलीच नव्हती. परक्या माणसाला मात्र त्या शेडमधल्या एकाही वस्तूवरून तिच्यावर कोणाकोणाचा हक्क आहे हे कळले नसते, आणि ते कळण्याची जागा शेडच्या बाहेरही नव्हती.

इथे मला अधिकाऱ्याची अडचण पटली. आपला मूळ कायदा 1872 चा भारतीय करार कायदा आहे आणि त्यातले जंगम वस्तूचे तारण म्हणजे वस्तू धनकोच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या, ताब्यात देणे. त्या व्यवहाराची वीण पक्की आहे: सावकाराने वस्तू नीट सांभाळायची, विकायची झाली तर आधी वाजवी मुदतीची सूचना द्यायची, आणि प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत ऋणकोने, म्हणजे कर्ज घेणाऱ्याने, पैसे भरले तर वस्तू परत करायची. 1967 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरवले की तारण घेतलेला माल परत देऊ न शकणाऱ्या धनकोला कर्जवसुलीचा हुकूमनामा मिळणार नाही. पाटलीला हे सगळे बेतून शिवल्यासारखे बसते, कारण पाटली बँकेच्या तिजोरीत गेली म्हणून मामांची कमाई थांबत नाही. मागाला ते बसणार कसे? माग तिजोरीत ठेवला तर कर्ज फेडणार कोण? म्हणून नजरगहाण आले, म्हणजे वस्तू ऋणकोकडेच राहील आणि हक्क मात्र धनकोचा. बँका ते पूर्वीपासून करत आल्या, पण त्याची स्पष्ट व्याख्या 2002 च्या कर्जवसुली कायद्यात, ज्याला सगळे सरफेसी म्हणतात त्यात, मिळते, आणि तो कायदा मुख्यतः बँकांच्या व मोठ्या वित्तसंस्थांच्या हाती हत्यार देण्यासाठी झालेला आहे. सहकारी बँकांना ते हत्यार वापरता येते की नाही, हेदेखील आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका बँकेचे प्रकरण घटनापीठापर्यंत गेल्यावर 2020 मध्ये निकाली निघाले.

नोंदींची तऱ्हा तर आणखी विस्कळीत आहे. कंपनीने यंत्र तारण दिले तर बोजा कंपनी निबंधकाकडे नोंदवायचा. पण मामा कंपनी नाहीत. टेम्पोवरचे कर्ज आरटीओच्या आरसी बुकात दिसते. मागाला आरसी बुक नसते. शेअर तारण दिले तर त्याची नोंद डिपॉझिटरीत होते. 2011 मध्ये सेरसाय नावाची केंद्रीय नोंदवही सुरू झाली, ती आधी जमीन-घरांच्या तारणापुरती होती; 2016 मध्ये तिच्यात यंत्रे, मालसाठा आणि येणे बिले यांच्यावरचे बोजे घेण्याची सोय झाली, आणि 2020 पासून तिथे नोंद नसलेल्या धनकोला सरफेसीचा वसुलीचा मार्ग बंद झाला. ही पावले योग्य दिशेची आहेत. इतर धनकोंसाठीही नोंदणीचे दार कायद्यात उघडले गेले, पण आमच्या पेठेतला उधारीवर सूत देणारा व्यापारी त्या दारापर्यंत गेलेला मी अजून पाहिला नाही. शिवाय माग ही जंगम वस्तू आहे की स्थावर, असा प्रश्न कुणी काढलाच तर तोही न्यायालयात जाऊ शकतो, कारण तो फरशीत बोल्टने आवळलेला असतो. 2010 मध्ये डांबरमिश्रणाच्या एका यंत्राबाबत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की थरथर थांबावी एवढ्यासाठी पायात बसवलेले यंत्र जमिनीचा भाग होत नाही. तो निकाल अबकारी कराचा होता. तरी मामांच्या फरशीची थरथर पावलांना जाणवली तेव्हा मला तोच आठवला.

माझी आजी, म्हणजे मामांची आई, सावकाराच्या माडीबद्दल सांगत असे. भाद्रपदात हात तंग झाला की घरातली तांब्या-पितळेची मोठी भांडी तिकडे जात. घंगाळ, पिंप, पाण्याचा हंडा. त्या माडीवर भिंतीला लावून भांड्यांच्या उतरंडी रचलेल्या असत आणि प्रत्येक भांड्यावर काठाशी ठोकून नाव घातलेले असे. पैसे भरायला गेलेली बाई आधी नाव शोधी आणि मग हंड्याच्या पोटावरून हात फिरवून नवीन पोचा पडला नाही ना, ते पाही. आजीच्या माहेरचे नाव घातलेला एक हंडा असाच गेला आणि परत आला नाही. व्याज मुदलाच्या वर गेले, असे तिला सांगण्यात आले. तिने पावती मागितली नव्हती आणि कुणी दिलीही नव्हती. पुढे एका लग्नात तोच हंडा दुसऱ्याच्या मांडवात पाणी भरताना तिला दिसला आणि तिने वळून पाहिले नाही. हे सांगताना तिच्या आवाजात राग नसे. ती फक्त हंडा किती शेर पाण्याचा होता ते सांगे.

म्हणूनच तारणाचा कायदा सोपा करा, असे म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद बाहेर काढून जाळले, ते व्याजाच्या रागाने तर खरेच, पण ज्या कागदावर आपला अंगठा आहे त्यात काय लिहिले आहे हे आपल्याला कधी कळणारच नाही, या रागानेही. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना त्या व्यवहारांच्या पोटात शिरून हिशेब पाहण्याचा अधिकार दिला. आपल्या राज्याचा 2014 चा सावकारी कायदा त्याच वाटेने पुढे आलेला आहे. गरिबाची वस्तू तारण घेणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची ही परंपरा आपण फार मोठी किंमत मोजून मिळवली आहे, ती सोडून द्यावी असे मला मुळीच वाटत नाही. पण संशयाच्या पोटी आपण उजेडाचे साधनच उभे केले नाही, आणि गरजवंताची वाट पुन्हा बायकोच्या मनगटाशी येऊन थांबली.

जिथे साधन उभे राहिले तिथे काय होते, ते बाजार समितीच्या गोदामात पाहता येते. सोयाबीन निघाले की भाव पडतो आणि ज्याला थांबता येत नाही तो पडत्या भावाने विकून मोकळा होतो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे: पोती गोदामात ठेवायची, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी उचलायची, भाव चढला की विकायचे. माझ्या एका शेतकरी मित्राबरोबर मी असे गोदाम पाहिले. तागाच्या पोत्यांचा उबट वास होता, प्रत्येक थप्पीला खडूने क्रमांक घातलेला होता आणि मित्र आपल्या थप्पीपाशी जरा ताठ उभा होता. 2007 च्या वखार कायद्याने तर गोदामाच्या पावतीलाच हस्तांतरणीय केले. आता ती इलेक्ट्रॉनिक झाली आहे आणि तिच्यावरचा बोजा इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या भांडारात नोंदला जातो, त्यामुळे एकच थप्पी दोन बँकांना दाखवण्याची सोय राहत नाही. सोयाबीन सोन्याइतके टिकाऊ नाही, त्याला कीड लागते, भाव कोसळतो. तरी त्यावर पैसे मिळतात, कारण ते कुठे आहे, किती आहे आणि कोणाचे आहे हे तिऱ्हाइताला पाहता येते.

मामांच्या बिलांचेही असेच होऊ शकले असते. बिलावर पैसे देणाऱ्या संस्थांसाठी 2011 चा कायदा आहे, 2021 मध्ये तो सैल केला गेला, आणि रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारे ट्रेड्स नावाचे ऑनलाइन बाजारही आहेत. पण तिथे बिल मान्य करणारा खरेदीदार स्वतः नोंदलेला असावा लागतो. मामांचा व्यापारी बिल मान्य करतो ते फोनवर, "बघू की पुढच्या आठवड्यात" असे म्हणून.

आता भीतीची बाजू. मामांच्या शेजारच्या शेडवाल्याचा टेम्पो हप्ते थकल्यावर एका सकाळी चार माणसांनी चावी हिसकावून नेला, तेव्हा त्याच्या मागे कापडाचे तागे भरलेले होते, आणि ते त्याचे नव्हतेच. वसुलीसाठी दांडगट माणसे पाठवण्याच्या पद्धतीवर सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच कडक शब्दांत ताशेरे ओढले आहेत, पण हप्त्याच्या करारातल्या बारीक अक्षरांनी तो निकाल वाचलेला नसतो. उद्या मागांवर असे कर्ज सहज मिळू लागले, तर माग उचलून नेणेही तितकेच सहज होईल का? दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम मला या बाबतीत फार मोलाचे वाटते. हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी काय जप्त करता येणार नाही, याची यादी त्यात आहे: अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीने स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औजारे, गुरे आणि बियाणे. माणूस कर्जात बुडाला तरी उद्या सकाळी उठून कामाला लागू शकला पाहिजे, एवढे त्या कलमाने मानले. 2002 च्या कायद्यानेही ही यादी मान्य केली, पण त्या कर्जासाठी जी वस्तू खास तारण म्हणून लिहून दिली तिला हे संरक्षण नाही, असे कंसात लिहून ठेवले. मामा मागांवर कर्ज घेतील तेव्हा नेमके हे कंसातले शब्द त्यांना लागू होतील. सही करण्याआधी ते त्यांना कुणी वाचून दाखवील का, हा माझ्या दृष्टीने सुधारणेचा पहिला प्रश्न आहे.

स्कॉटलंडने अलीकडे या गाठीला हात घातला. तिथल्या जुन्या कायद्यात साध्या धंदेवाल्याला यंत्र तारण द्यायचे तर ते ताब्यातच द्यावे लागे, म्हणजे मामांच्यासारखीच स्थिती. 2023 मध्ये त्यांनी नवा कायदा केला आणि 1 एप्रिल 2025 पासून यंत्र, मालसाठा असे तारण ताबा न सोडता, एका सार्वजनिक नोंदवहीत नोंद करून देता येऊ लागले. धंद्याच्या वस्तू आत घेताना सामान्य ग्राहकाच्या घरातल्या वस्तू मात्र त्यांनी या सोयीच्या बाहेर ठेवल्या. ही रेघ ओढताना तिथल्या विधिमंडळात बराच खल झाला, आणि तो खल आपल्याकडेही व्हावा, असे मला मनापासून वाटते.

मला हवा असलेला कायदा असा आहे. धनको बँक असो, पतसंस्था असो वा सूतवाला व्यापारी, ताबा न घेता ठेवलेल्या प्रत्येक तारणाची नोंद एकाच वहीत व्हावी, ती मोबाइलवर मराठीत पाहता यावी आणि जो आधी नोंदेल त्याचा हक्क आधीचा मानला जावा. मामांच्या मागावर चढलेला व्यापाऱ्याचा बीम त्या वहीत व्यापाऱ्याचा म्हणून दिसावा, म्हणजे बँकेने चुकून त्यावर हात टाकू नये. माग नेण्याआधी समजेल अशा भाषेत सूचना मिळावी आणि सरफेसीत बँकेला जी साठ दिवसांची मुदत द्यावीच लागते ती लहान कर्जालाही मिळावी. आज एक लाखापर्यंतच्या कर्जाला तो कायदा लागूच होत नाही, म्हणजे सगळ्यांत लहान माणूस त्या मुदतीलाही मुकतो. आणि ज्या हत्यारांवर घर चालते त्यांतली काही, लिहून दिली तरी, नेता येऊ नयेत. असे केल्याने कर्ज थोडे महाग पडेल, हे मला मान्य आहे.

हे सगळे मी मामांना सांगितले, तेव्हा त्यांनी शेडचे दार ओढून घेतले, कारण आत बोलणे अशक्य होते. त्यांची पहिली शंका अब्रूची होती. "माझ्या मागांवर कर्ज हाय हे सगळ्या पेठेला दिसणार. मग बीम देताना व्यापारी दहा वेळा विचार करंल की." मी त्यांना त्यांच्या भावाच्या सातबाऱ्याची आठवण दिली. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा वर्षानुवर्षे लिहिलेला आहे, गावात कुणीही तो पाहू शकते, आणि त्यामुळे त्याला खत-बियाणे देणे कुणी थांबवलेले नाही. उलट दुकानदाराला कळते की सोसायटीने याची ऐपत तपासलेली आहे. हे त्यांना अर्धवट पटले. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि त्यासाठी मी तयार नव्हतो: "आणि फेडल्यावर ते नाव काढायचं कुणी?" सातबाऱ्यावरचा फिटलेला बोजा कमी करून घेण्यासाठी भावाने तलाठ्याकडे घातलेले हेलपाटे त्यांनी पाहिले होते. कर्ज फिटल्याची नोंद तीस दिवसांत कळवण्याची जबाबदारी सरफेसीनेही धनकोवरच टाकली आहे, हे मी सांगितले. पण ती नोंद झालीच नाही तर मामांच्या हातात काय, याचे त्यांना समाधान होईल असे उत्तर माझ्यापाशी नव्हते. सोन्याच्या बाबतीत मात्र रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये अगदी नेमका नियम केला आहे: कर्ज फिटल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत दागिना परत केला नाही आणि दिरंगाई धनकोची असली, तर दिवसाला पाच हजार रुपये ऋणकोला द्यायचे. मामीच्या पाटल्यांना जो नियम आहे तोच मागांवरच्या बोज्याला लावा, दिवसाला पाच हजार, आणि तो कायद्याच्या पहिल्याच पानावर लिहा, असे मामांचे म्हणणे आहे. मला त्यात एक अक्षर बदलावेसे वाटत नाही.